गुडघ्याखालचा गायक: सातारच्या घाटमाथ्यावर ठिपकेवाला सातभाई कसा बघावा

महाबळेश्वरला पक्षी बघायला येणारा माणूस सहसा मान वर करून चालतो. वर बघण्यासारखं भरपूर आहे, नाही असं नाही. पण इथल्या रानात सकाळभर ज्याची शिट्टी कानावर पडते तो पक्षी गुडघ्याच्या उंचीखाली राहतो. वर्षानुवर्षं डोंगर पालथे घालणाऱ्या, गळ्यात उत्तम दुर्बीण असलेल्या कित्येकांनी तो असंख्य वेळा ऐकलाय, पण धड एकदाही पाहिलेला नाही. कारण ते चालत असतात. या पक्ष्यासाठी बसावं लागतं, आणि बसण्याचीही एक रीत आहे.

शोधायचं कोणाला

ठिपकेवाला सातभाई. इंग्रजीत पफ-थ्रोटेड बॅबलर, जुन्या पुस्तकांत स्पॉटेड बॅबलर, शास्त्रीय नाव पेलोर्नियम रुफिसेप्स. लांबी साधारण १५ सें.मी., म्हणजे चिमणीएवढाच. पाठ साधी तपकिरी, डोक्यावर तांबूस टोपी, डोळ्यावर फिकट भुवई, गळा पांढराशुभ्र, छातीवर गडद तपकिरी ठिपक्यांच्या ओळी आणि पाय गुलाबीसर. गाताना गळ्याची पिसं फुगतात, म्हणून ते इंग्रजी नाव.

अंगणात कलकलाट करत टोळीनं उड्या मारणारे सातभाई मात्र डोळ्यांसमोर आणू नका. हा जोडीनं किंवा तीन-चारांच्या छोट्या घोळक्यात असतो. पातेऱ्यात, म्हणजे जमिनीवर साठलेल्या वाळक्या पानांच्या थरात, एकेक पान उलटत किडे शोधतो. पंख आखूड आणि गोलसर, त्यामुळे उडणं जेमतेम; धोका वाटला की भुर्रकन उडत नाही, झुडपाखाली सरकतो. स्थलांतर करत नाही. आज ज्या ओघळीत सापडला तिथेच तो वर्षभर असतो, आणि आपल्या दृष्टीनं ही फार सोयीची गोष्ट आहे. एकदा जागा कळली की ती कायमची कळली.

आधी कान तयार करा

घरी बसून करायचं काम हेच. झेनो-कॅन्टो या संकेतस्थळावर किंवा आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन अ‍ॅपमध्ये याचे आवाज फुकट ऐकायला मिळतात. भारतातली, शक्यतो सह्याद्रीतली ध्वनिमुद्रणं निवडा आणि गाडीत, स्वयंपाक करताना, कुठेही, पुन्हा पुन्हा ऐका.

दोन प्रकार लक्षात ठेवायचे. एक म्हणजे सकाळची शिट्टी: दोन-तीन स्वच्छ सुरांचा तुकडा, शेवटचा सूर बहुधा वर चढलेला, आणि तोच तुकडा थकवा येईपर्यंत पुन्हा पुन्हा. दुसरा प्रकार लांबलचक, वर-खाली भटकणारा, बरेचदा संध्याकाळी ऐकू येणारा. एकानं सुरू केला की जोडीदारही त्यात मिसळतो. पहिला प्रकार ओळखणारे खूप, दुसऱ्याला फसणारे त्याहून जास्त.

फसवणारेही माहीत असू द्या. शीळ कस्तूर ओढ्याकाठी माणसासारखी शीळ घालतो, पण ती रमतगमत चालते, एकाच तुकड्यावर अडून बसत नाही. पिवळ्या बाकदार चोचीचा सिमिटर बॅबलर पोकळ, घुमल्यासारखे सूर भराभर काढतो आणि त्याची मादी मध्येच वेगळा सूर लावते. टिकेलचा निळा माशीमार बारीक धातूसारखी किणकिण करतो. हे तीन बाजूला काढता आले की उरलेली अडून बसलेली शिट्टी बहुतेक आपल्याच पक्ष्याची.

मर्लिननं नाव दाखवलं म्हणून तो तिथे होताच असं धरू नका. सुचवलेलं नाव घ्या आणि स्वतःच्या कानानं पडताळा.

आणि एक गोष्ट रानात अजिबात करायची नाही: ध्वनिमुद्रण वाजवून पक्ष्याला बोलावणं. आपल्या हद्दीत दुसरा गायक शिरलाय असं समजून तो समोर येतो खरा, पण त्यासाठी चारा शोधणं सोडतो, कधी घरटं उघडं टाकतो. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, जिथे दर सुट्टीला नवे लोक येतात, एकाच जोडीला हा त्रास किती वेळा व्हावा याचा विचार करा. शिवाय असा पाहिलेला पक्षी घाबरलेला आणि चिडलेला असतो. त्याची खरी वागणूक त्यात दिसतच नाही.

जागा निवडताना पायाखाली बघा

सातारा जिल्हा फसवा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला पाच-सहाशेची मारामार. आपला पक्षी पश्चिमेच्या ओल्या पट्ट्यातला. सांगलीकरांनी सागरेश्वरच्या कोरड्या टेकड्यांवर याच्यासाठी पेट्रोल जाळू नये. तिथे हरणं बघावीत. सांगलीकरांसाठी शिराळा तालुक्यातून वारणावती, मणदूरकडे जाणारा चांदोलीचा रस्ता योग्य.

ओल्या पट्ट्यात जागा ओळखण्याची खूण म्हणजे पातेरा. घोटा बुडेल इतका, वरून कोरडा आणि खालून दमट. त्यावर कमरेएवढी झुडपं, आणि त्याच्या वर जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांची दाट सावली. महाबळेश्वरच्या ठेंगण्या सदाहरित रानाचा हाच थाट आहे. झुडपं आहेत पण पातेरा नाही, तर तो नाही. पातेरा आहे पण झुडपं तोडलेली, तरीही नाही. दोन्ही हवीत, कारण एक त्याचं ताट आहे आणि दुसरं छप्पर.

कारवीचं गच्च रान त्याला आवडतं, पण तुम्ही तिथे बसू नका. चार हातांपलीकडचं काही दिसत नाही. अपवाद कारवी फुलून गेल्यानंतरचा: सात-आठ वर्षांतून एकदा सगळी एकदम फुलते, बी धरते आणि वाळते, तेव्हा खालची जमीन उघडी पडते. तो हंगाम मिळाला तर सोडू नका.

प्रत्यक्ष ठिकाणं बरीच आहेत. महाबळेश्वरात लिंगमळ्याकडचं रान, लॉडविक आणि बॉम्बे पॉइंटकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेचं जंगल, क्षेत्र महाबळेश्वरच्या पुढे आर्थर सीटकडचा रस्ता, खाली तापोळ्याच्या वाटेवरच्या ओघळी. गर्दी पॉइंटवर असते. रस्त्यापासून पन्नास पावलं आत ती संपते. कासहून बामणोलीकडे उतरताना पठार सोडल्यावर जी झाडी लागते तीही चांगली. कोयनेच्या बाजूला कोयनानगरहून नवजाकडे जाणारा रस्ता मला सगळ्यांत आवडतो, कारण तिथे रस्त्यावरूनच उताराचं रान डोळ्याच्या पातळीवर येतं.

देवरायांचं वेगळं सांगायला हवं. जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांत गावोगाव त्या आहेत आणि जिथे पालाही न उचलण्याची रीत अजून पाळली जाते तिथे पातेरा पिढ्यानपिढ्या साठलेला असतो. एकरभर देवराईत जोडी सापडते, आणि शेजारच्या मोठ्या पण सरपणासाठी झाडून नेलेल्या रानात एकही नसतो. देवराईत शिरण्याआधी गावात विचारा, चपला कुठे काढायच्या तेही विचारा.

परवानगीचं थोडक्यात. कोयना अभयारण्य १९८५ मध्ये झालं, चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ मध्ये, आणि २०१० पासून दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. आत जायला वनखात्याची परवानगी आणि बहुतेक ठिकाणी स्थानिक वाटाड्या लागतो. वासोट्याला बामणोलीहून लाँचनं जाऊन संध्याकाळच्या आत परतावं लागतं. त्या घाईत हा पक्षी ऐकून होतो, बघून क्वचितच. पावसाळ्यात हे मार्ग बंद असतात. निघण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करा.

केव्हा जायचं

फेब्रुवारी ते मे. या काळात पानगळीनं पातेरा ताजा आणि कुरकुरीत असतो, म्हणजे पक्ष्याचा पाय पडला तरी कळतं. आणि याच काळात तो गातो व घरटं करतो. एप्रिल-मे सर्वांत उत्तम. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, पण दाट सावलीखाली उजेड पोचायला अर्धा-पाऊण तास जातो. अंधारातच जागेवर बसलेलं असावं. नऊनंतर गाणं विरळ होतं. संध्याकाळी साडेपाचपासून पुन्हा तासभर बरा वेळ मिळतो.

थंडीत तो गप्प असतो, पण दिसायला अवघड नसतो. झुडपांच्या कडेला घोळके चरताना सापडतात. त्या दिवसांत हिमालयातून आलेला निळा रॉबिनही त्याच पातेऱ्यात असतो, म्हणजे एका बैठकीत दोन लाजाळू पक्षी. जून ते सप्टेंबर धुकं, जळवा आणि पावसाचा आवाज. कान निकामी होतात. हौस असेल तर जा, पायमोज्यांवर मीठ चोळून.

सोबत काय असावं

दुर्बीण ८ × ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगाची. दहापट मोठं दाखवणारी अधिक चांगली असं दुकानदार सांगेल, पण इथे उजेडाचं गणित वेगळं आहे. ४२ ला ८ नं भागलं की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. १० नं भागलं की जेमतेम सव्वाचार. जांभळीच्या सावलीत हा एक मिलिमीटर फार असतो. शिवाय आठपटीत आजूबाजूचा टापू जास्त दिसतो आणि हात कमी थरथरतो. दुसरं बघायचं ते जवळचं फोकस: दोन मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसली पाहिजे. हा पक्षी कधीकधी तुमच्या बुटाजवळ येतो.

कपडे मळकट हिरवे किंवा मातकट, आणि सुती. नायलॉनची विजार प्रत्येक हालचालीला सरसर करते. पोत्याचा तुकडा किंवा बसकर घ्या. ओल्या जमिनीवर दहा मिनिटांत चुळबूळ सुरू होते आणि तिथेच सगळं फिसकटतं. कॅमेरा पहिल्या काही वेळी घरी ठेवा, असं मी आग्रहानं सांगतो. नेलाच तर फ्लॅश बंद.

बसायचं कसं

बसण्याआधी आवाज करा. हे उलटं वाटेल, पण या रानात अस्वल आणि गवा दोन्ही आहेत, आणि चूपचाप चालत येऊन त्यांना दचकवणं हा सर्वांत वाईट प्रकार. जागेवर पोचेपर्यंत नेहमीच्या आवाजात बोलत चला. फळं धरलेल्या जांभळीखाली आणि वारुळांजवळ बसू नका. मे-जूनमध्ये अस्वलाचा तिथे राबता असतो. एकटे जाऊ नका. गावात चौकशी केलीत तर नेमकं कळतं:

"मामा, खालच्या वड्याला गवं येत्यात का?"

"येत्यात की. पर आत्ता न्हाय, दिस मावळताना. तवर वर या म्हंजी झालं."

एवढं ऐकलं की संध्याकाळची बैठक ओढ्यापासून लांब घ्यायची, हे ठरलं. बसण्याआधी जागा काठीनं चाचपा. चापडा हा विषारी साप झुडपात कमरेच्या उंचीवरही वेटोळं घालून असतो.

आता मुख्य मुद्दा. उताराच्या खालच्या बाजूला, चढणीकडे तोंड करून बसा. सपाटीवर बसलात तर झुडपांचे शेंडे दिसतात. खालून वर बघितलं तर झुडपांची बुडं आणि त्यांच्यामधली जमीन डोळ्याच्या रेषेत येते. पाठ झाडाला टेकवा, म्हणजे आकृती त्याच्यात मिसळते. सूर्य मागे आला तर उत्तमच, पण त्यासाठी उतार सोडू नका.

समोर दहा-पंधरा मीटरच्या आत तीन-चार मोकळ्या फटी निवडा: दोन झुडपांमधली पातेऱ्याची पट्टी, आडव्या पडलेल्या ओंडक्याची कड, जनावरांची वाट. सगळं रान बघण्याचा प्रयत्न करू नका, एवढ्या फटीच बघा. दुर्बिणीचं फोकस मधल्या फटीवर आधीच लावून ठेवा. कोपर गुडघ्यावर, दुर्बीण हनुवटीजवळ. पक्षी आल्यावर ती गळ्यातून उचलण्यात जी हालचाल होते तीच त्याला घालवते.

पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच होत नाही. तुम्ही आलात तेव्हा रानानं जो श्वास रोखला तो अजून सुटलेला नसतो. बहुतेक माणसं नेमकी याच वेळी "इथे काही नाही" म्हणून उठतात. पाऊण तास बसायचं असं आधीच ठरवून बसा आणि फोन खिशातच राहू द्या.

मग खसखस ऐकू येऊ लागते, आणि इथून पुढे सगळं कानाचं काम. पातेऱ्यातल्या आवाजांचे प्रकार थोड्या सरावानं वेगळे होतात. सापसुरळी एक जोरात धाव घेते आणि एकदम थांबते, मग बराच वेळ काही नाही. रानकोंबडा आणि सकोत्री पायानं माती उकरतात: फर्र, फर्र, असा जड आणि ठाशीव आवाज. ठिपकेवाल्या सातभाईचा आवाज हलका आणि सलग: एक पान उलटलं, थोडा थांबला, दुसरं उलटलं, आणि हे हळूहळू एका दिशेला सरकतं. दोन ठिकाणांहून असा आवाज येत असेल तर जोडी चरतेय. ती कुठल्या फटीच्या रोखानं येतेय याचा अंदाज घ्या आणि दुर्बीण त्या फटीवर रोखून थांबा. पक्ष्याचा पाठलाग नजरेनंही करायचा नाही. तो फटीत येणार आहे.

तो अडून राहिला, गातोय पण हलत नाही, असं झालं तर आवाजाच्या उगमापाशी जमिनीपासून हातभर उंचीच्या फांद्या बघा. गायला तो अशा खालच्या फांदीवर चढतो. तेवढे काही क्षण तो स्थिर असतो आणि पांढरा फुगलेला गळा अंधाऱ्या झुडपातही चमकतो.

उठून जवळ जाण्याचा मोह होईल. जाऊ नका. तुम्ही दोन पावलं टाकलीत की तो चार हात सरकतो, आणि हा खेळ तोच जिंकतो.

दिसला की काय बघायचं

दोन-तीन सेकंद मिळतात. पहिल्यांदा छाती: ठिपक्यांच्या ओळी आहेत का. मग गळा, मग डोकं. पाठ बघण्यात वेळ घालवू नका, पाठ या रानातल्या निम्म्या पक्ष्यांची तपकिरीच आहे. राखी डोक्याचा, साधा तपकिरी, छातीवर काहीच नसलेला पक्षी झुडपांत टोळीनं फिरत असेल तर तो क्वेकर बॅबलर. काळं डोकं आणि फिकट डोळा असलेला अगदी छोटा पक्षी दिसला तर तो डार्क-फ्रंटेड बॅबलर. सह्याद्री आणि श्रीलंकेपुरताच असलेला हा पक्षी दिसणं हे तुमचं नशीब. या टोळ्या आल्या की आपला पक्षीही कधी त्यांच्याखाली जमिनीवर चरत असतो, म्हणून टोळी वरून निघून गेली तरी खालची फट सोडू नका.

घरटं सापडलं तर

ते शोधायचं नाही. पण वाटेच्या कडेला अचानक समोर येऊ शकतं. उतारावर, झुडपाच्या बुडाशी, वाळक्या पानांचा आणि काटक्यांचा गोळा, तोंड एका बाजूला आणि बरेचदा उताराच्या दिशेनं. पातेऱ्याचा एक उंचवटा वाटावा असं. पायाजवळून उंदरासारखं काहीतरी जमिनीलगत सरपटत गेलं, तर थांबा: बसलेला पक्षी घरट्यातून असाच निसटतो. कधी तो जखमी झाल्यासारखा लोळत तुम्हाला लांब नेऊ बघतो. आल्या पावली मागे फिरा. पानं बाजूला करून आत बघू नका, फोटो नको, खूण म्हणून फांदी मोडून ठेवणं तर नकोच. आत दोन ते पाच अंडी असतात, आणि तुम्ही मळवलेली वाट मुंगसालाही दिसते.

जमिनीवरच्या या घरट्यांचा मोठा शत्रू म्हणजे वणवा. आपल्याकडे डोंगर पेटतात ते नेमके फेब्रुवारी ते मेमध्ये. नवं गवत चांगलं येतं म्हणून लावलेली आग, राब भाजताना सुटलेली ठिणगी, पर्यटकाची चूल, काहीही कारण असो, पातेरा आणि त्यावरचं सगळं जातं. उंच झाडं तगतात, म्हणून लांबून रान शाबूत दिसतं. धूर दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि जवळच्या गावाचं नाव, डोंगराची बाजू नेमकी सांगा.

नोंद

घरी आल्यावर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाका. पाऊण तास एका जागी बसला असाल तर नोंदीचा प्रकार 'स्टेशनरी' निवडा, 'ट्रॅव्हलिंग' नव्हे. या पक्ष्याची नुसती ऐकलेली नोंदही पूर्ण धरली जाते. टिपणीत 'फक्त आवाज' असं लिहा. संख्या लिहिताना एकाच वेळी दोन दिशांनी शिट्ट्या आल्या तरच दोन गायक धरा. तोच आवाज अर्ध्या तासानं वीस पावलांवरून आला तर तो तोच असण्याची शक्यता जास्त. चोचीत अळी घेऊन जाणारा दिसला तर पिल्लं जवळपास आहेत. तशी नोंद करा, पण घरट्याचं अचूक ठिकाण लिहू नका, गावाचं नाव पुरे. आणि टिपणीत दोन शब्द पातेऱ्याबद्दल लिहा: खोल की विरळ, जळालेला की झाडून नेलेला. पुढच्या वर्षी त्याच ओघळीत तो सापडला नाही, तर कारण शोधायला ही ओळच कामाला येईल.